कर्ज काढून घेतलेले दुसरे घर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही म्हण रूढ झाली तेव्हा घर हे राहण्यासाठीच बांधले जात असे. बांधताना होणारी ओढाताण, खर्चाचा न लागणारा अंदाज आणि शेवटी सावकाराच्या दारी जाण्याचा प्रसंग, हे सारे त्या चार शब्दांत सामावले आहे. तथापि त्या ओढाताणीच्या शेवटी कुटुंबाच्या डोक्यावर छप्पर येई आणि घेतलेल्या कष्टांचे सार्थक होई. आज शहरोशहरी एक निराळीच गोष्ट घडताना दिसते. राहते घर असलेला गृहस्थही दुसरे घर घेतो. त्यात त्याला राहावयाचे नसते. आज घेतलेले घर उद्या अधिक किमतीला जाईल, तोवर त्याचे भाडे येत राहील आणि कर्ज भाड्यातूनच फिटून जाईल, असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब कितपत खरा ठरतो, हे अंक मांडूनच पाहिले पाहिजे.

जमीनजुमल्याविषयी माणसाला वाटणारा विश्वास अगदीच निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. सोने चोरीस जाते, धान्य सडते, कंपनीच्या भागपत्राचा कागद होतो. जमीन मात्र जागच्या जागी राहते. ज्या गुणामुळे ती मालकाला प्रिय असते, त्याच गुणामुळे ती सावकारालाही प्रिय असते, कारण ऋणको परागंदा झाला तरी जमीन पळून जात नाही. म्हणूनच धंद्यासाठी किंवा शिक्षणासाठी कर्ज देताना जी पेढी दहा प्रश्न विचारते, तीच पेढी घर तारण ठेवल्यास कमी व्याजाने व दीर्घ मुदतीने पैसे देते.

या तारणाचे कायदेशीर स्वरूप थोडक्यात ध्यानी घेतले पाहिजे. आपल्या देशात गहाणासंबंधीचे मूळ नियम १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहेत. गहाणाचे प्रकार अनेक आहेत. ऋणकोकडे ताबा ठेवून केलेले नजरगहाण आणि सावकाराला ताबा देऊन केलेले कब्जेगहाण हे जुन्या पिढीच्या चांगल्या परिचयाचे होते. आजच्या बँका बहुधा मालकी हक्काची मूळ कागदपत्रे आपल्याजवळ ठेवून घेतात. मालकी ऋणकोची, राहणे किंवा भाड्याने देणे त्याच्या हाती; परंतु कागद बँकेच्या तिजोरीत. कर्ज फिटले की ते कागद परत मिळवण्याचा म्हणजेच गहाण सोडवण्याचा हक्क कायद्याने ऋणकोला दिलेला आहे. मात्र कर्ज फिटेपर्यंत मालकाच्या मालकीवर बोजा असतो, आणि हा बोजा घराच्या किमतीप्रमाणे कधी वर कधी खाली होत नाही. या प्रश्नाचे सारे मर्म याच एका गोष्टीत आहे. घराची किंमत बदलते. कर्जाची रक्कम बदलत नाही.

उदाहरणार्थ, बडोद्यातील किंवा इंदूरमधील एका नोकरदार दांपत्याची कल्पना करावी. राहते घर स्वतःचे आहे. गाठीला चौदा लाख रुपये शिल्लक आहेत. पन्नास लाखांचे एक घर त्यांच्या मनात भरले आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, तीस ते पंच्याहत्तर लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत व त्यावरील कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. तेव्हा या दांपत्याला जास्तीत जास्त चाळीस लाख मिळतील व दहा लाख पदरचे घालावे लागतील. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील व दलाल यांचा खर्च राज्यागणिक निराळा असतो. येथे तो चार लाख धरू. घर विकताना हे चार लाख कोणी परत देत नाही.

आता मोहाचे मूळ कोठे आहे ते पाहू. घराची किंमत दहा टक्क्यांनी वाढून पंचावन्न लाख झाली, तर कर्जाचे चाळीस लाख वजा जाता दांपत्याचे पंधरा लाख उरतात. किंमत वाढली दहा टक्के. परंतु घरात घातलेले दहा लाख मात्र दीडपट झाले. पहारेच्या टोकाला थोडा जोर लावून मोठा धोंडा हलवावा, तसाच हा प्रकार आहे. परंतु पहार दोन्ही बाजूंना फिरते. किंमत दहा टक्क्यांनी उतरली तर दहा लाखांचे पाच लाख होतात, आणि वीस टक्क्यांनी उतरली तर स्वतःचे असे काहीच उरत नाही. उरते ते केवळ कर्ज. आयुष्यभर पुंजी साठवणाऱ्या सावध माणसालाही हा दुसरा भाग सांगितला जात नाही, किंवा सांगितला तरी तो त्याच्या कानांत शिरत नाही.

शिवाय वरच्या हिशेबात व्याज धरलेलेच नाही. साडेआठ टक्के दराने चाळीस लाखांचे कर्ज वीस वर्षांत फेडावयाचे तर मासिक हप्ता सुमारे ३४,७१३ रुपयांचा पडतो. वीस वर्षांत एकूण सुमारे ८३ लाख ३१ हजार रुपये भरावे लागतात. म्हणजे मुद्दलापेक्षा व्याजच अधिक. दर महिन्याचा हप्ता एकसारखा असल्यामुळे मुद्दलही एकसारखे फिटत असावे, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. पहिल्या हप्त्यातील २८,३३३ रुपये व्याजापोटी जातात आणि मुद्दलातून केवळ ६,३८० रुपये कमी होतात. पाच वर्षांत सुमारे २० लाख ८३ हजार रुपये भरल्यानंतरही बँकेचे ३५ लाख २५ हजार रुपये देणे उरलेलेच असते. पाच वर्षांची कमाई ओतून मुद्दल उतरले ते अवघे पावणेपाच लाख.

‘हप्ता भाड्यातून जाईल’ हे वाक्य दलालांच्या तोंडी फार असते. आपल्याकडील शहरांत राहत्या घरांचे वार्षिक भाडे पुष्कळदा घराच्या किमतीच्या दोन ते तीन टक्क्यांच्या आसपास असते. पन्नास लाखांच्या घराचे भाडे तीन टक्क्यांनी धरले तर ते महिना साडेबारा हजार होते. घरपट्टी, संस्थेची वर्गणी, रंगरंगोटी आणि दोन भाडेकरूंच्या मधले रिकामे महिने वजा केल्यावर बारा हजार हाती पडले, तरी ते नशीब म्हणावे लागेल. उरलेले २२,७१३ रुपये दरमहा पगारातून जातात. ज्या पैशाला साडेआठ टक्के व्याज द्यावे लागते, तो पैसा तीन टक्के मिळवणाऱ्या वस्तूत घातलेला आहे. मधली खाच भरून काढण्याचे एकच साधन उरते, ते म्हणजे किंमत वाढेल ही आशा.

ही आशा कितपत सफळ व्हावी लागते, तेही मोजता येते. पाच वर्षांनी घर विकावयाचे ठरले असे धरू. आरंभी चौदा लाख घातले. पाच वर्षांत भाडे वजा जाता सुमारे १३ लाख ६३ हजार पगारातून भरले. एकूण २७ लाख ६३ हजार. विक्रीच्या वेळी बँकेचे ३५ लाख २५ हजार द्यावयाचे. म्हणजे ते घर ६२ लाख ८८ हजारांना विकले गेले, तरच आपण घातलेले पैसे जसेच्या तसे परत मिळतात. त्यांवर पाच वर्षांचे एक पैसाही व्याज नाही. याचा अर्थ असा की, घराची किंमत दरसाल सुमारे पावणेपाच टक्क्यांनी वाढली तर दांपत्य जेथून निघाले तेथेच पोहोचते. किंमत दरसाल आठ टक्क्यांनी वाढली तर सुमारे साडेदहा लाखांचा लाभ होतो, व त्यातून कर आणि दलाली जाते. किंमत आहे तेथेच राहिली तर सुमारे १२ लाख ८८ हजारांचे नुकसान होते. किंमत न उतरताही माणूस नागवला जाऊ शकतो, ही गोष्ट कर्जाऊ व्यवहारातच घडते.

वरच्या हिशेबात व्याजाचा दर पाच वर्षे स्थिर धरला होता. प्रत्यक्षात आजची बहुतेक गृहकर्जे बदलत्या दराची असतात, आणि ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची अशी नवी कर्जे रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरासारख्या बाहेरच्या मापाशी जोडलेली आहेत. मे २०२० मध्ये रेपो दर ४ टक्क्यांवर उतरला होता. मे २०२२ पासून तो चढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा टक्क्यांवर गेला. अडीच टक्क्यांची ही वाढ ऐकावयास किरकोळ वाटते. परंतु पावणेसात टक्क्यांनी, वीस वर्षांच्या मुदतीने चाळीस लाख घेतलेल्या ऋणकोची स्थिती पाहावी. त्याचा हप्ता सुमारे ३०,४१५ रुपये. दोन वर्षांनी दर सव्वानऊ टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर त्यातील २९,२७० रुपये व्याजातच जिरतात. उरलेली अठरा वर्षांची मुदत लांबून पस्तीस वर्षांहून अधिक होते. हप्ता वाढलेला नसल्यामुळे घरात कोणाला काही जाणवत नाही. जाणवते ते निवृत्तीच्या वेळी. म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने असा दंडक घातला की, दर बदलताना हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही, याची निवड ऋणकोला द्यावी. ही निवड करण्यासाठी बँकेकडून आलेले पत्र उघडून वाचावे मात्र लागते.

उसन्या पैशावर जमिनीचा सट्टा ही केवळ आजची गोष्ट नव्हे. आपल्या शेजारच्या मुंबई नगरीने त्याचा कडू घोट दीड शतकापूर्वीच घेतला आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्याने लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या पैशाला वाट हवी होती. ती समुद्र हटवून जमीन निर्माण करण्याच्या योजनांत सापडली. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला भाग पन्नास हजारांवर जाऊन पोहोचला. लोकांनी भाग गहाण टाकून कर्ज काढावे, त्या कर्जातून आणखी भाग घ्यावेत, भाव चढला की तेही गहाण टाकावेत, असे चक्र सुरू झाले. १८४० साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बाँबेवर अशा कर्जाविषयी पूर्वी निर्बंध होते. १८६३ च्या कायद्याने ते सैल झाले आणि बँकेने कंपन्यांच्या भागांच्या तारणावर मुक्तहस्ताने पैसे दिले. प्रेमचंद रायचंद हे त्या काळच्या बाजाराचे सूत्रधार. त्यांच्या शब्दावर लाखो रुपये उभे राहत.

१८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेच्या मुख्य सेनेने शरणागती पत्करली आणि युद्ध संपुष्टात आले. ती वार्ता मुंबईस येताच कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ रोजी, वायद्यांच्या फेडीच्या दिवशी, देणी द्यावयास कोणापाशीच पैसा नाही असे दिसून आले. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. प्रेमचंदांचे वैभव लयास गेले. बँक ऑफ बाँबे १८६८ मध्ये मोडीत निघाली. ज्या भूमीच्या भरवशावर ही कर्जे दिली गेली, ती भूमी पुष्कळ अंशी पाण्याखालीच होती; भरावाची मूळ योजना सिद्धीस गेलीच नाही. आपल्या मातुःश्रींच्या नावे ज्या मनोऱ्यासाठी प्रेमचंदांनी देणगी दिली होती, तो राजाबाई मनोरा मात्र आजही मुंबई विद्यापीठाच्या आवारात उभा आहे. दान दिलेला पैसा टिकला. कर्जावर चढवलेला पैसा वितळला.

अमेरिकेत २००८ साली जे घडले, ते याच कथेचे विस्तृत रूप होते. घरांच्या किमती वाढतच राहणार या समजुतीवर, फेडण्याची ऐपत नसलेल्यांनाही तेथे गृहकर्जे दिली गेली. किमती उतरू लागल्या तेव्हा प्रथम ऋणको, मग सावकार आणि शेवटी सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्ससारखी जुनी पेढी बुडाली. जपानमध्ये १९९१ च्या सुमारास शिखरावर पोहोचलेले शहरी जमिनीचे भाव पुढे दशकभराहून अधिक काळ उतरत राहिले. जमीन कधी स्वस्त होत नाही, हे वाक्य या तिन्ही ठिकाणी सर्वांच्या तोंडी होते.

हप्ते थकले तर काय होते, हेही जाणून घेणे इष्ट होय. नव्वद दिवसांहून अधिक काळ हप्ता थकला की बँक ते कर्ज बुडीताच्या वाटेवरचे म्हणून नोंदवते. २००२ साली झालेल्या सरफेसी कायद्यान्वये बँक साठ दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावता, घराचा ताबा घेऊ शकते व ते लिलावात विकू शकते. शेतजमिनीला हा कायदा लागू होत नाही. बँकेच्या कारवाईविरुद्ध ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे दादही मागता येते. परंतु लिलावात आलेली रक्कम कर्जाहून कमी पडली, तर उरलेले देणे ऋणकोच्या मानेवर राहतेच. अमेरिकेतील काही राज्यांत घर सोडून दिले की कर्ज सुटते. आपल्याकडे घर जाऊनही कर्ज राहू शकते. ज्याने भिडेपोटी जामीन म्हणून सही केली असेल, त्या मेहुण्याच्या किंवा मित्राच्या दारीही बँकेचा माणूस येतो.

अपुऱ्या इमारतीतील घर घेणाऱ्याचा धोका दुहेरी असतो. इमारत रखडली तर भाडे नाही, हप्ता मात्र चालूच. २०१३ साली रिझर्व्ह बँकेने बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणेच कर्जाची रक्कम द्यावी असे बँकांना बजावले. २०१६ च्या रेरा कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवणे बंधनकारक केले आणि विलंबाबद्दल व्याज मागण्याचा हक्क ग्राहकाला दिला. हे संरक्षण मोलाचे आहे. तथापि बांधकाम लांबल्याबद्दलचे भांडण विकासकाशी. बँकेचा हप्ता त्या भांडणाची वाट पाहत नाही.

कागदपत्रांची छाननी हा तर स्वतंत्र विषय आहे. महाराष्ट्रात सातबारा, गोव्यात एक-चौदाचा उतारा, बेळगावकडे पहाणीपत्रक, अशी नावे निराळी असली तरी प्रश्न एकच असतो: विकणारा खरा मालक आहे काय, आणि आधीचा कोणाचा बोजा त्यावर आहे काय? गोव्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तेथील पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कौटुंबिक कायद्यात, निराळा करार केलेला नसल्यास, विवाहानंतर पतिपत्नींची मालमत्ता सामायिक होते, आणि स्थावर विकावयाचे वा गहाण ठेवावयाचे तर दोघांचीही संमती लागते. हा नियम केवळ कायद्याचा नव्हे, शहाणपणाचाही आहे. ज्या कर्जाचा भार सबंध घर वीस वर्षे वाहणार, त्याचा निर्णय एकट्याच्या सहीने व्हावा, हे कोणत्याच प्रांतात योग्य नव्हे.

मग दुसऱ्या घरासाठी कर्ज काढूच नये काय? तसा सरसकट निष्कर्ष काढता येणार नाही. भाडे हप्त्याच्या बऱ्याच जवळ येत असेल, व्याजाचा दर दोन टक्क्यांनी वाढूनही संसाराची घडी मोडत नसेल, सहा महिने भाडेकरू मिळाला नाही आणि त्याच सुमारास घरात आजारपण आले तरी निभावून नेता येत असेल, तर असे कर्ज वावगे नाही. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाची मुदतीपूर्वी फेड केल्यास बँकांना दंड आकारता येत नाही. तेव्हा हाती आलेली जादा रक्कम आरंभीच्या वर्षांत मुद्दलापोटी भरल्याने पुढील व्याजाचा मोठा भाग वाचतो. करातील सवलतीसाठी मात्र कर्ज काढू नये. तीस पैशांची सवलत मिळवण्यासाठी रुपया खर्च करणारा माणूस सत्तर पैशांनी गरीबच होतो.

आणखी एक गोष्ट हिशेबाच्या वहीत सहसा लिहिली जात नाही. भागपत्रे थोडी थोडी विकता येतात, सोन्याची एखादी बांगडी मोडता येते. अडीनडीला घराची एक खोली विकता येत नाही. पैशाची गरज सर्वांना एकाच वेळी पडते, आणि त्याच वेळी घराला गिऱ्हाईक मिळत नाही. १८६५ च्या जुलैत मुंबईला जे कळले, ते हेच. म्हणून सही करण्यापूर्वी त्या दांपत्याने एका कागदावर किंमत वाढल्यास काय मिळेल ते लिहावे, आणि त्याच कागदाच्या मागील बाजूस किंमत पाच वर्षे तेथेच राहिल्यास काय जाईल ते लिहावे. मागची बाजू वाचूनही दोघांना शांत झोप लागत असेल, तर कर्ज घ्यावे. लागत नसेल, तर राहते घर आहेच, आणि त्यावर कोणाचा बोजा नाही.